पर्समधली अर्धी गोळी

नमस्कार डॉक्टर,

मी ३६ वर्षांची आहे. भांडुपला राहते, फोर्टला एका विमा कंपनीत नोकरी करते. जूनच्या शेवटी एका सकाळी आमची स्लो लोकल विद्याविहार आणि कुर्ल्याच्या मध्ये बराच वेळ उभी राहिली. पावसामुळे खिडक्या लावलेल्या, डबा खच्चून भरलेला. एकदम छातीत धडधडायला लागलं, हातांना मुंग्या आल्या, श्वास घशातच अडकला. आता आपण संपलो, असं वाटलं. मैत्रिणींनी कुर्ल्याला उतरवलं. ईसीजी, टू-डी इको सगळं नॉर्मल आलं. पण तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा तसंच होतं. आता तर प्लॅटफॉर्मवरच पोटात गोळा येतो.

मानसोपचारतज्ज्ञांनी दोन गोळ्या दिल्या. सकाळी एस्सिटॅलोप्राम ५ ची, आठवड्याने १० ची. रात्री क्लोनाझेपाम, ती फक्त दोन आठवडे. पहिली चार दिवस घेतली तर मळमळ आणि धडधड उलट वाढली, म्हणून दोन्ही बंद केल्या. सासूबाई म्हणाल्या, डोक्याच्या गोळ्यांची जन्माची सवय लागते. (त्या स्वतः बारा वर्षं रोज रात्री अल्प्राझोलामची अर्धी घेतात. ती म्हणे झोपेची, म्हणजे वेगळी.) मग डब्यातल्या मैत्रिणीने तिच्या पर्समधली अर्धी दिली. तीही क्लोनाझेपामच, ०.५ ची. अर्ध्या तासात एकदम शांत वाटलं. आता तीन आठवडे झाले, आठवड्यातून चार दिवस मी ती अर्धी घेते. कोपऱ्यावरचा केमिस्ट ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. एवढी एकच गोळी लागेल तेव्हा घेतली तर चालेल ना? की आयुर्वेदिक काही घेऊ? पुढच्या वर्षी दुसऱ्या बाळाचाही विचार आहे.

भांडुपची एक वाचक

*

नमस्कार.

सासूबाईंचा कंस वाचून मला हसू आलं, हे आधी कबूल करतो. पण सवयीबद्दल त्यांना वाटणारी भीती खोटी नाही. ती फक्त भलत्याच गोळीवर जाऊन बसली आहे. तुमच्या चिठ्ठीवरच्या दोन गोळ्यांपैकी जिची चटक लागत नाही, ती तुम्ही चार दिवसांत सोडलीत. जिची लागू शकते, ती तुम्ही पर्समध्ये घेऊन फिरता. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचं हेच झालेलं असतं, त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

गाडीत जे झालं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. आपल्याकडे 'जीव घाबरा झाला' म्हणतात, आणि मला तो शब्द जास्त बरोबर वाटतो. समोर वाघ आल्यावर शरीर जे करतं तेच सगळं झालं, वाघ तेवढा नव्हता. अॅड्रिनलिन सुटलं, हृदय जोरात पळू लागलं, श्वास भराभर सुरू झाला. अशा भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानेच बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, हवा पुरत नाही असं वाटतं. म्हणजे हवा खरं तर जास्तच जात असते. हे फार भयंकर वाटतं, पण त्याने माणूस मरत नाही. मुख्य म्हणजे याला एक ठरलेली चढण आहे आणि उतार आहे. साधारण दहा मिनिटांत ते शिगेला पोहोचतं, आणि पुढच्या दहा-वीस मिनिटांत, तुम्ही काहीही केलं नाहीत तरी, ओसरू लागतं.

आता तुमच्या अर्ध्या गोळीचा हिशोब मांडू. समजा घाटकोपर सोडताना जीव घाबरा व्हायला लागला आणि तुम्ही गोळी गिळलीत. कुर्ल्याच्या आसपास तो शिगेला. शीव, माटुंगा करत दादर येईतो लाट उतरणीला लागलेली. क्लोनाझेपामचा परिणाम जाणवायला अर्धा तास तरी लागतो, आणि ती पूर्ण जोरात यायला त्याहून बरेच जास्त, एक ते चार तास. म्हणजे भायखळ्याला गोळीचं काम नुकतं सुरू होतंय तेव्हा तुमचा अटॅक आपसूकच संपत आलेला असतो. गाडीत बऱ्या झालात त्या तुमच्या तुम्हीच झालात, आणि श्रेय पर्समधल्या अर्ध्या गोळीने घेतलं. ऑफिसात दुपारी दोन वाजता डोळे जड होतात का? तेव्हा ती खऱ्या अर्थाने कामावर हजर झालेली असते.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. दर वेळी असं झालं की मेंदू शिकतो, 'गोळी होती म्हणून वाचलो.' मग गोळी ताईत बनते. एक दिवस पर्स बदलली आणि गोळी घरी राहिली, हे कांजूरमार्गला लक्षात आलं, की त्या एका विचारानेच अटॅक येतो. असा अनुभव तुम्हाला एव्हाना आला नसेल तर येईल.

या औषधांच्या घराण्याला बेंझोडायझेपाइन म्हणतात. त्यातलं पहिलं, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० मध्ये बाजारात आलं आणि १९६३ मध्ये डायझेपाम. तेच आपल्या आई-आजीच्या पिढीचं काम्पोज. परीक्षेच्या आदल्या रात्री, घरात मयत झाल्यावर, मुलीच्या पाठवणीला, 'तिला एक काम्पोज द्या' हे वाक्य ज्या घरात कुणी ऐकलं नाही असं मराठी घर विरळा. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्याचीच भावंडं. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, त्याचं काम ब्रेक लावण्याचं. ही औषधं तो ब्रेक आणखी दाबून धरतात. म्हणून ती लवकर लागू पडतात, आणि म्हणूनच गोत्यात आणतात. ब्रेक रोज दाबून ठेवला तर काही आठवड्यांत मेंदू तो झिजवायला लागतो. मग अर्धीचं काम अर्ध्याने होत नाही, एक लागते. आणि अचानक सोडली तर आधीपेक्षा जास्त घबराट, झोप उडणं, हात थरथरणं. बराच काळ, मोठ्या डोसमध्ये घेणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट्ससुद्धा येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या सगळ्या औषधांच्या माहितीपत्रकावर सवयीचा आणि सोडतानाच्या त्रासाचा सर्वांत कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला, तो यासाठीच.

तुम्ही 'आठवड्यातून चारच दिवस' म्हणता. पण क्लोनाझेपाम शरीरातून अर्धं कमी व्हायला ३० ते ४० तास लागतात. सोमवारी सकाळी घेतलेल्या गोळीतलं निम्मं मंगळवारी संध्याकाळीही अंगात असतं, तोवर तुम्ही दुसरी घेतलेली असते. चार दिवस गोळी असली तरी औषध जवळजवळ आठवडाभर आहे.

तुमचा डोस लहान आहे आणि काळही तीनच आठवड्यांचा, त्यामुळे घाबरण्यासारखं काही झालेलं नाही. पण आज हे वाचून उद्या पाकीट कचऱ्यात टाकू नका. डॉक्टरांना खरं काय ते सांगा, मैत्रिणीची गोळी आणि केमिस्ट दोन्ही. आम्ही रागावत नाही. फार तर मनातल्या मनात केमिस्टवर रागावतो. यातल्या अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या गोळ्या सरकारच्या 'शेड्यूल एच-१' या कडक यादीत येतात. २०१४ पासून हा नियम आहे: डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत आणि प्रत्येक विक्रीची वेगळ्या वहीत नोंद ठेवायची. तुमची क्लोनाझेपामही चिठ्ठीशिवाय विकायची नसते. ओळखीच्या केमिस्टने चिठ्ठी मागितली नाही तो त्याचा चांगुलपणा, असं आपण समजतो. तसा तो नाही. आणि ही गोळी अंगात असताना दारू अजिबात नको. ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं दातांच्या किंवा हाडांच्या डॉक्टरांनी लिहिली तर ही गोळी चालू आहे हे त्यांना सांगा, कारण दोन्ही मिळून श्वास मंदावू शकतो.

आता ती टाकून दिलेली गोळी.

एस्सिटॅलोप्राम 'एसएसआरआय' या गटातलं. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन हीही त्यातलीच. पाकिटावर किंवा इंटरनेटवर 'अँटीडिप्रेसंट' वाचून 'मला कुठे डिप्रेशन आहे?' म्हणत बरेच जण ती ठेवून देतात. नाव जुनं आहे एवढंच. पॅनिक आणि सततच्या चिंतेच्या आजारात औषध द्यायचं ठरलं तर जगभर आधी याच गटाकडे हात जातो. ही औषधं मेंदूत सेरोटोनिनचं काम वाढवतात. 'तुमच्यात सेरोटोनिन कमी आहे' असं पूर्वी आम्हीही सांगायचो, पण ते गोष्टीपुरतंच खरं, प्रकरण इतकं सोपं नाही. सेरोटोनिनवरचा परिणाम काही तासांत सुरू होतो. आराम मात्र दोन ते सहा आठवड्यांनी पडतो. म्हणजे मधल्या काळात मेंदू हळूहळू स्वतःची मांडणी बदलत असतो, आणि त्याला घाई केलेली चालत नाही.

तुमची गाडी इथेच घसरली. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत या औषधाने मळमळ, डोकेदुखी, झोपेत गडबड होते, आणि नेमकी घबराट असणाऱ्यांनाच ती थोडी जास्त वाटू शकते. तुम्हाला जे झालं ते औषध बाधल्याचं लक्षण नव्हतं, ते अपेक्षितच होतं. आणि हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नसेल तर ती आमच्या बाजूची चूक. ओपीडीत पेशंटमागे पाच मिनिटं मिळतात, त्यात गोळीचं नाव आणि वेळ सांगून होते, 'पहिले दहा दिवस कंटाळवाणे जातील' हे राहून जातं. माझंही राहिलेलं आहे.

यावर उपाय आहे. डॉक्टरांना फोन करून म्हणा, चौथ्या दिवशी असं असं झालं. बहुधा ते आणखी कमी डोसने, म्हणजे ५ च्या गोळीच्या अर्ध्याने सुरुवात करतील आणि हळू चढवतील. ही गोळी जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. झोप उडत असेल तर सकाळी, पेंग येत असेल तर रात्री. परस्पर सुरू मात्र करू नका, कारण त्यांना आणखी दोन-तीन गोष्टी विचारायच्या असतील. घरात कुणाला बायपोलर आजार (कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी) आहे का, कारण तसं असेल तर ही औषधं जपून द्यावी लागतात. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक वारंवार घेता का, कारण दोन्ही मिळून रक्तस्रावाची शक्यता वाढते. पाळीच्या दुखण्यासाठी तुम्ही घेत असाल तर सांगा. वर ज्या ट्रामाडॉलचं नाव घेतलं तेही या गोळीशी जमत नाही.

एक साइड इफेक्ट मराठी घरात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. या औषधांनी शरीरसंबंधाची इच्छा किंवा त्यातला आनंद कमी होऊ शकतो, बाईचाही आणि पुरुषाचाही. आठवड्याभरात जाणारा हा त्रास नव्हे. बऱ्याच लोकांना तो होतो, आणि लाजेपायी डॉक्टरांना काही न सांगता ते औषधच सोडून देतात. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. सांगा फक्त. काहींचं वजनही थोडं वाढतं. पंचवीस वर्षांच्या आतल्या मुलामुलींना हे औषध देताना पहिल्या काही आठवड्यांत जिवाचं काही बरंवाईट करण्याचे विचार येतात का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं. तुमचं वय ते नाही, पण हा मजकूर कुणा कॉलेजच्या मुलाची आई वाचत असेल.

सवयीचं काय? या गोळीची चटक लागत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही, ती मिळवण्यासाठी कुणी कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या ओळखी काढत नाही. मात्र काही महिने घेतल्यावर एकदम थांबवली तर गरगरणं, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होतो. म्हणून ती पायरीपायरीने उतरवायची. बरं वाटू लागल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवायची, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करायची. जन्मभर नाही. काहींना पुन्हा घ्यावी लागते, हेही खरं.

मग डॉक्टरांनी दोन्ही का दिल्या? पहिली गोळी लागू पडेपर्यंतचे कठीण आठवडे निभावून नेण्यासाठी दुसरी, ठरावीक दिवसांपुरती. ही पद्धत आपल्याकडे रूढ आहे. ब्रिटनमधली 'नाइस' ही संस्था तिथल्या डॉक्टरांसाठी उपचारांचे नियम ठरवते. ती याहून कडक आहे, पॅनिकच्या आजारात बेंझोडायझेपाइन देऊच नका, असं म्हणते. मी स्वतः मध्ये कुठेतरी उभा आहे: पेशंट पार हतबल असेल तर दोन आठवडे देतो, आणि चिठ्ठीवर थांबवायची तारीख लिहितो. तुमच्या डॉक्टरांनीही दोन आठवडे स्पष्ट लिहिलं होतं. चिठ्ठी चांगली होती. एक सावधगिरी सांगतो. आपल्या बाजारात एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम दोन्ही एकाच गोळीत मिळतात. सोयीचं वाटतं, पण मग दोन आठवड्यांनी एक थांबवायची म्हटलं तर थांबवणार कशी? चिठ्ठीवर अशी जोडगोळी दिसली तर सुट्या गोळ्या मागायला संकोच करू नका.

बाकीच्या पर्यायांची नावं तुमच्या कानावर पडतीलच, म्हणून धावतं सांगतो. पहिलं औषध पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे घेऊनही उपयोग झाला नाही तर त्याच गटातलं दुसरं देतात, किंवा व्हेनलाफॅक्सिन, ज्यात रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं आणि एखादा डोस चुकला तरी जाणवतं. जुन्यांपैकी इमिप्रामिन पॅनिकवर खरोखर चालतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांच्या ते १९६० च्या सुमारास लक्षात आलं, पण तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ आणि हृदयावरचा परिणाम यांमुळे ते मागे पडलं. ब्युस्पिरोन सततच्या काळजीवर चालतं, सवय लावत नाही, पण पॅनिकवर फारसं नाही. प्रीगाबालिन युरोपात चिंतेसाठी वापरतात. त्याचीही सवय लागू शकते. आणि प्रोप्रानोलॉल. ऑफिसात कुणीतरी प्रेझेंटेशनच्या आधी घेतं ते हेच. धडधड आणि हातांची थरथर थांबवतं, त्यामुळे स्टेजवर जाणाऱ्याला एका संध्याकाळपुरतं ठीक, पॅनिकच्या आजारावर मात्र हा इलाज नव्हे. ज्याला दमा आहे त्याने तर याला हातही लावू नये. कुणाच्याही पर्समधून ही गोळी घेऊ नका, हे मला डब्यातल्या सगळ्यांनाच सांगायचंय.

आयुर्वेदिक म्हणजे तुमच्या मनात अश्वगंधा असणार, सध्या सगळ्यांच्याच असते. काही लहान अभ्यासांत तिचा थोडा उपयोग दिसला आहे. पण तिने थायरॉइडची पातळी हलू शकते, काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, गरोदरपणात ती टाळायची असते आणि क्लोनाझेपामसोबत घेतली तर पेंग वाढते. तुमच्या बाबतीत चारपैकी दोन मुद्दे आत्ताच लागू आहेत. माझा सल्ला: नको.

थायरॉइडवरून आठवलं. ईसीजी, इको झालं, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन झालं का? वाढलेला थायरॉइड किंवा बराच अॅनिमिया हुबेहूब अशीच धडधड करतो, आणि बायकांत दोन्ही सर्रास आढळतात. दिवसातून किती चहा-कॉफी होते तेही बघा. ऑफिसच्या मशीनची कॉफी कुणी मोजत नाही. आणि श्रम करताना छातीत दुखलं, कळ हातात किंवा जबड्यात गेली, किंवा शुद्ध हरपली, तर 'माझं पॅनिकच असेल' म्हणून बसून राहू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

बाळाचा विचार आहे हे डॉक्टरांना आत्ताच सांगा, दिवस गेल्यावर नको. त्यावर औषधाची निवड बदलू शकते. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना सर्ट्रालिनचा अनुभव भरपूर आहे, म्हणून अनेक डॉक्टर ते पसंत करतात. पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळतात. दिवस राहिल्याचं कळताच घाबरून रातोरात गोळ्या बंद करणं, हे मात्र बहुतेक वेळा गोळ्यांपेक्षा महाग पडतं. नऊ महिने रोज जीव घाबरा असणं बाळालाही सोसावं लागतंच.

गोळीइतकंच काम करणारा, आणि गोळी थांबल्यावर अधिक टिकणारा उपाय म्हणजे सीबीटी. विचार आणि वागणं बदलण्याची ही पद्धतशीर थेरपी साधारण दहा-पंधरा बैठकांची असते. तुमच्या बाबतीत तिचा गाभा म्हणजे पुन्हा गाडीत बसणं, आणि ठरवून बसणं. तज्ज्ञांबरोबर आखणी करालच, पण ती कशी असते याची कल्पना देतो. पहिला आठवडा: दुपारची रिकामी गाडी, भांडुप ते कांजूरमार्ग, एकच स्टेशन, रोज. मग विक्रोळी. विक्रोळी ते घाटकोपर हा पट्टा लांब आहे, तुम्हाला तो जड जाईल, म्हणून तो तीन-चारदा. मग कुर्ला, जिथे सगळं सुरू झालं. शेवटी सकाळची गर्दी. जीव घाबरा झाला तर उतरायचं नाही, लाट चढून उतरेपर्यंत थांबायचं. श्वास आत जोरात ओढायचा नाही, बाहेर सावकाश सोडायचा. मैत्रीण बरोबर असली तर सुरुवातीला चालेल. गोळी मात्र पर्समध्ये नको, कारण ती तिथे असली की सगळा सराव तिच्या खात्यात जमा होतो. अर्थात हे डॉक्टरांनी ती उतरवून दिल्यानंतर.

पैशांचं तुम्ही काही लिहिलं नाही, पण खाजगी थेरपी मुंबईत महाग आहे. तुमच्याच लाइनवर परळला केईएम आणि शीवला लोकमान्य टिळक आहे. दोन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे आणि केसपेपर अगदी थोडक्या पैशांत निघतो. गर्दी असते, अर्धा दिवस जातो, सकाळी लवकर जा. वर जी नावं घेतली त्यातली बहुतेक औषधं जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, मराठीतूनही. जगणं नकोसं वाटायला लागलं तर तोच नंबर, आणि त्याच दिवशी डॉक्टर. तुम्ही विमा कंपनीतच आहात तेव्हा हे तुम्हाला माझ्याहून नीट माहीत असेल, की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजारालाही देणं बंधनकारक केलं आहे. फक्त बहुतेक पॉलिसी अॅडमिट झाल्यावरच पैसे देतात आणि तुमचा खर्च ओपीडीचा आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडी आहे का, एकदा बघून घ्या.

राहिल्या सासूबाई. त्यांची 'झोपेची' अल्प्राझोलाम म्हणजे तुमच्या क्लोनाझेपामची सख्खी बहीण. फक्त ती शरीरातून लवकर जाते, त्यामुळे तिची सवय सुटायला आणखी अवघड. वय वाढलं की या गोळ्यांनी तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना पडणं होतं, विसराळूपणा वाढतो. पण हे वाचून त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका, आणि गोळ्या लपवून तर अजिबात ठेवू नका. बारा वर्षांची गोळी एका रात्रीत बंद झाली तर त्या खरोखर आजारी पडतील. ती काही महिने लावून, चिमटीचिमटीने कमी करावी लागते. तुम्ही स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घेणार आहात, ती दोघींची घ्या. बरोबर चला म्हणा, सोबत हवीय. सुनेच्या सोबतीला म्हणून त्या येतील, आणि मग त्यांच्या पर्समधलं पाकीटही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवता येईल.